प्रतिकारशक्तीचा लगाम

सुर्जी-अंजनगावचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत एका तहामुळे आले. १८०३ सालच्या २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली, २९ नोव्हेंबरला अडगावची झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात येथे तह होऊन शिंद्यांपुरते ते युद्ध थांबले. युद्ध सुरू करण्याची व्यवस्था जितकी महत्त्वाची, तितकीच ते थांबवण्याचीही असते. मानवी शरीराने हे फार पूर्वीच ओळखलेले आहे. रोगजंतूंशी लढण्यासाठी त्याने जशी फौज ठेवली आहे, तशीच त्या फौजेला आवरणारी यंत्रणाही ठेवली आहे. पहिलीचे गुणगान सर्वत्र ऐकू येते. दुसरीची दखल क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी यंत्रणा आहे.

२०२० सालच्या महामारीनंतर ‘इम्युनिटी’ हा शब्द वऱ्हाडातल्या लहानमोठ्या प्रत्येक बाजारपेठेत येऊन बसला. काढे, चूर्णे, रस, गोळ्या, इतकेच काय, चहा आणि बिस्किटे यांच्या वेष्टनांवरही ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असा उपदेश छापला जाऊ लागला. हा माल विकणारी आणि घरी आणून वापरणारी, अशा दोन्ही बाजूंना व्यापारी कुटुंबे आहेत. या उपदेशामागे एक गृहीत दडलेले असते: प्रतिकारशक्ती ही भांडवलासारखी आहे, जितकी वाढेल तितके बरे. व्यापारात मुरलेल्या माणसाला मात्र ठाऊक असते की केवळ उलाढाल वाढून पेढी सुरक्षित होत नाही. उधारीची मर्यादा, हिशेबाची तपासणी आणि वेळीच ‘आता पुरे’ म्हणणारा कोणीतरी जाणता माणूस, यांवर ती उभी असते. शरीराचा कारभार यापेक्षा वेगळा नाही.

या कारभारातील एक महत्त्वाचा घटक म्हणजे रक्तातील बी-पेशी. त्या अस्थिमज्जेत जन्मतात आणि रक्तात, प्लीहेत व लसिका ग्रंथींत वावरतात. प्रत्येक बी-पेशीच्या पृष्ठभागावर सुमारे एक लाख ग्राही असतात. ग्राही म्हणजे विशिष्ट आकाराची वस्तूच पकडणारे प्रथिन. एका पेशीवरील सर्व ग्राही एकाच घडणीचे, पण प्रत्येक पेशीची घडण वेगळी. एखाद्या जंतूचा अंश ज्या पेशीच्या ग्राहीत नेमका बसतो ती पेशी जागी होते, तिच्यापासून असंख्य पेशी तयार होतात आणि त्या पेशी रक्तात प्रतिपिंडे सोडतात. लस टोचल्यावर जे संरक्षण मिळते त्याचा मोठा भाग या प्रतिपिंडांचा असतो.

येथे एक अडचण आहे. ग्राहींची घडण ठरवताना निसर्ग पुढे येणाऱ्या जंतूचा विचार करू शकत नाही. तो जनुकांचे तुकडे वेगवेगळ्या प्रकारे जुळवून कोट्यवधी नमुने बनवतो. त्यांपैकी पुष्कळ नमुने शरीराच्या स्वतःच्याच घटकांना चिकटणारे निघतात. २००३ साली न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी माणसाच्या अस्थिमज्जेतील नवजात बी-पेशी तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ५५ ते ७५ टक्के पेशी स्वतःच्या शरीरातील घटकांना चिकटू शकतात असे आढळले. म्हणजे भरती झालेल्या शिपायांपैकी निम्म्याहून अधिक जणांची बंदूक घरच्यांवरच रोखलेली! यांतील बऱ्याच पेशी पुढच्या टप्प्यांवर बाद होतात किंवा त्यांचा ग्राही बदलला जातो. तरीही काही उरतातच. त्या निरोगी माणसाच्या रक्तात आयुष्यभर फिरत असतात, पण गप्प असतात. त्यांना गप्प ठेवते कोण, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर विकरांत म्हणजे एन्झाइम्समध्ये आहे. विकर म्हणजे पेशीतील रासायनिक कामे घडवून आणणारी प्रथिने. बी-पेशीला बाहेरचा संदेश कसा पोहोचतो हे समजण्यासाठी बँकेतल्या कागदाची कल्पना करावी. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो तो शिक्क्यांच्या बळावर. पेशीतील शिक्का म्हणजे फॉस्फेट नावाचा एक छोटा रासायनिक गट. ग्राहीला जंतूचा अंश चिकटला की ‘लिन’ नावाचे विकर ग्राहीच्या आतल्या टोकाशी फॉस्फेटचा शिक्का मारते. तो पाहून ‘सिक’ हे दुसरे विकर कामाला लागते, मग ‘बीटीके’, मग आणखी काही. दरम्यान पीआय-३ काइनेज हे विकर पेशीच्या पटलातील एका स्निग्ध रेणूवरही फॉस्फेट चढवते आणि त्या खुणेभोवती पुढचे कर्मचारी जमतात. अवघ्या काही क्षणांत पेशीतील कॅल्शियम वाढते आणि ‘लढा’ असा हुकूम केंद्रकापर्यंत पोहोचतो. शिक्का मारणाऱ्या या विकरांना काइनेज म्हणतात.

पण ज्या कार्यालयात शिक्के मारणारेच आहेत आणि ते रद्द करणारा कोणीच नाही, तेथे कोणताही कागद मंजूर होईल. म्हणून पेशीत दुसऱ्या जातीची विकरेही असतात, ती फॉस्फेटेज. त्यांचे काम मारलेला शिक्का पुसण्याचे. बी-पेशीत त्यांपैकी दोन विशेष महत्त्वाची आहेत. ‘एसएचपी-१’ हे प्रथिनांवरील फॉस्फेट काढून टाकते. ‘शिप-१’ हे पटलातील त्या स्निग्ध रेणूवरचा एक फॉस्फेट उतरवते आणि पुढच्या कर्मचाऱ्यांना जमण्याची जागाच ठेवत नाही. ‘पीटेन’ नावाचे तिसरे विकरही त्याच रेणूवरून दुसरा फॉस्फेट काढते.

या व्यवस्थेतील सर्वांत मनोज्ञ गोष्ट अशी, की लगाम लावणाऱ्यांना बोलावणारा आणि लढाई सुरू करणारा एकच असतो. लिन हे विकर ग्राहीवर शिक्का मारते, तसेच ते शेजारच्या लगामी प्रथिनांवरही मारते आणि तो दुसरा शिक्का पाहून एसएचपी-१ व शिप-१ तेथे येतात. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यानेच त्याच कागदावर परतफेडीच्या अटीही लिहाव्यात, तसे हे आहे. ज्या उंदरांत लिन नसते त्यांच्या बी-पेशी मंद व्हाव्यात अशी अपेक्षा होती. १९९५ साली उलटेच दिसले. त्या उंदरांना स्वतःच्या शरीराविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याचा आजार जडला. पहिला शिक्का मारायला इतर काइनेजही पुढे आली. अटी लिहिणारा मात्र कोणी उरला नाही.

लगामी प्रथिनांपैकी दोन ओळखून ठेवण्यासारखी आहेत. पहिले ‘सीडी-२२’. शरीराच्या स्वतःच्या पेशींवर सायलिक आम्ल नावाच्या शर्करेचे आवरण असते. सीडी-२२ ते ओळखते. ज्या पृष्ठभागाला ग्राही चिकटला आहे त्याच पृष्ठभागावर ही शर्करा आढळली, तर समोरचा घरचाच आहे असे समजून सीडी-२२ आपल्या टोकाशी एसएचपी-१ला जागा देते आणि हुकूम सौम्य होतो. दुसरे ‘एफसी-गॅमा ग्राही दोन-बी’. हे प्रथिन प्रतिपिंडाचीच शेपटी पकडते. रक्तात प्रतिपिंडे पुरेशी झाली आणि ती जंतूच्या अंशाला चिकटून बी-पेशीजवळ आली, की हे प्रथिन ग्राहीच्या शेजारी ओढले जाते आणि शिप-१ला बोलावते. गोदाम भरल्याची वर्दी मिळाल्यावर कारखान्याने उत्पादन आवरते घ्यावे, तशी ही रीत. शिप-१ची ही भूमिका १९९६ साली स्पष्ट झाली.

हा लगाम नसेल तर काय होते, याचा पुरावा अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेतील उंदरांनी दिला. १९७५ साली तेथे अशा उंदरांचे वर्णन प्रसिद्ध झाले, ज्यांच्या अंगावरचे केस कसर लागलेल्या लोकरीच्या कापडासारखे जागोजागी गेलेले दिसत. म्हणून त्यांचे नावच ‘कसरीने खाल्लेले’ या अर्थाचे पडले. त्यांच्या त्वचेला व फुप्फुसांना सूज येई, रक्तात स्वतःविरुद्धची प्रतिपिंडे भरत आणि बहुतेक उंदीर जन्मानंतर तीन आठवड्यांच्या आसपास दगावत. १९९३ साली कारण सापडले: त्यांच्यात एसएचपी-१चे जनुक बिघडलेले होते. बाहेरचा कोणताही जंतू त्यांचा शत्रू नव्हता. त्यांचीच फौज त्यांच्यावर उलटली होती. पुढे २००७ साली केवळ बी-पेशींतून एसएचपी-१ काढून पाहिले गेले, तेव्हा तेवढ्यानेही उंदरांत स्वप्रतिकाराचा आजार निर्माण झाला.

याहून बोलका प्रयोग २०१६ सालचा आहे. कोलोरॅडो विद्यापीठातील जॉन कँबियर यांच्या गटाने, स्वतःच्या घटकांना चिकटणाऱ्या पण गप्प राहिलेल्या बी-पेशींतून प्रौढ उंदरांमध्ये हे विकर काढून टाकले. एसएचपी-१ गेले किंवा शिप-१ गेले, तरी गप्प पेशी बोलू लागल्या. याचा अर्थ मोठा आहे. पेशीला एकदा लहानपणी समज दिली आणि ती कायमची शहाणी झाली, असे होत नाही. लगाम दर दिवशी, दर क्षणी धरून ठेवावा लागतो. निरोगी माणसाच्या शरीरात स्वप्रतिकाराचा आजार दिसत नाही, कारण तो रोज रोखला जात असतो.

याची उलट बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर हिशेब एकांगी होईल. १९५२ साली अमेरिकी लष्करातील डॉक्टर कर्नल ऑग्डेन ब्रुटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला जंतुसंसर्ग पुन्हापुन्हा होत, आणि तपासले तर रक्तात प्रतिपिंडांचा अंशच नव्हता. त्याच १९९३ सालात या आजाराचेही मूळ सापडले. शिक्के मारणारे ‘बीटीके’ हे विकर बिघडलेले असते, त्यामुळे बी-पेशी परिपक्वच होत नाहीत. ब्रुटन यांच्या सन्मानार्थ त्या विकराचे नाव ठेवले गेले. हा आजार मुख्यतः मुलग्यांत दिसतो. महाराष्ट्रात अशा जन्मजात प्रतिकार-दोषांच्या निदानाचे मोठे काम मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत चालते. लहान मुलाला न्यूमोनिया, कान वाहणे, पोटाचे संसर्ग असे वारंवार होत असतील, तर ‘प्रतिकारशक्ती कमी आहे’ म्हणून टॉनिकच्या बाटल्या बदलत बसण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांकडून रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून घेणे शहाणपणाचे. या मुलांना बाटलीतील शक्तीचा उपयोग नसतो; त्यांना नियमित प्रतिपिंडेच द्यावी लागतात.

जोर कमी पडला तरी आजार आणि जोर अनावर झाला तरी आजार, हे पटवणारे आणखी एक उदाहरण २०१३ साली पुढे आले. काही कुटुंबांत पीआय-३ काइनेज जन्मतःच सदैव चालू अवस्थेत असते. वेष्टनावरची भाषा खरी असती, तर हे लोक सर्वांत निरोगी ठरले असते. प्रत्यक्षात त्यांच्या लसिका ग्रंथी सुजतात, संसर्ग वारंवार होतात आणि लसीकापेशींच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सदैव धावणारी पेशी दमते आणि नेमके काम करू शकत नाही. २०२३ साली या आजारावर अमेरिकेत मंजूर झालेले लेनिओलिसिब हे औषध त्याच विकराला आवरते. म्हणजे उपचार लगामाचा आहे, शक्तिवर्धनाचा नाही.

लगामाची गोष्ट सांगताना तिच्यातील एक हिशेब-तपासणीही सांगायला हवी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे माजी विद्यार्थी आणि हार्वर्डमधील प्राध्यापक डॉ. शिव पिल्लई यांच्या गटाने २००९ साली दाखवले, की ‘एसआयएई’ हे विकर सायलिक आम्लावरचा एक छोटा गट काढून टाकते आणि त्यामुळे सीडी-२२ला ती शर्करा ओळखता येते. हे विकर निकामी केलेल्या उंदरांच्या बी-पेशी अधिक उतावीळ झाल्या. २०१० साली त्यांच्या गटाने माणसांत शोध घेतला. स्वप्रतिकाराचे आजार असलेल्या ९२३ जणांपैकी २४ जणांत या विकराचे सदोष रूप आढळले. ६४८ निरोगी लोकांत ते फक्त दोघांत होते. निष्कर्ष आकर्षक होता. परंतु २०१२ साली युरोपीय वंशाच्या ६६,९२४ व्यक्तींपर्यंतचा मोठा नमुना घेऊन दुसऱ्या संशोधकांनी तपासणी केली, तेव्हा तो संबंध टिकला नाही. उंदरांतील विकराचे कार्य खोटे ठरले नाही. माणसाच्या आजाराशी जोडलेली बेरीज मात्र मान्य झाली नाही. विज्ञानाची प्रतिष्ठा अशा तपासणीतच असते. ‘हजारोंना गुण आला’ असे सांगणाऱ्या कोणत्याही जाहिरातीला हाच प्रश्न विचारावा: किती जण तपासले, आणि तुलना कोणाशी केली?

लगाम थोडा सैल असण्याचा कधी फायदाही होतो काय? होतो. वर सांगितलेल्या ‘एफसी-गॅमा ग्राही दोन-बी’चे एक दुबळे रूप आफ्रिका व आशियातील काही लोकसमूहांत युरोपपेक्षा अधिक आढळते. दोन्ही पालकांकडून ते मिळाले, तर ल्युपस या आजाराचा धोका वाढतो. ल्युपसमध्ये शरीर स्वतःच्याच पेशीकेंद्रकातील घटकांविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. सांधे, त्वचा आणि मूत्रपिंडे त्यात भरडली जातात. आणि दहापैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात. मग हे रूप टिकले कसे? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात केनियातील मुलांमध्ये ते तीव्र मलेरियापासून संरक्षण देते असे दिसले. अंजनगावच्या उत्तरेला मेळघाट आहे आणि विदर्भातल्या लोकांना सिकलसेलचा परिचय आहे. तेथेही हिशेब असाच: एका पालकाकडून आलेले जनुक मलेरियापासून वाचवते, दोघांकडून आले तर रक्त विकृत होते. निसर्ग फुकट काही देत नाही. एका खात्यात जमा करतो तेव्हा दुसऱ्यात नावे टाकतो.

हा जमाखर्च प्रयोगशाळेपुरता राहत नाही, हे मुंबईने पाहिले आहे. महामारीच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे घेतले जात होते. २०२० सालाच्या अखेरीस मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांच्या पाहणीत आले. त्या सर्वांनी गुळवेल घेतली होती. २०२१ साली डॉ. आभा नागरळ व सहकाऱ्यांनी त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. यकृताच्या तपासणीत स्वप्रतिकाराच्या आजारासारख्या खुणा होत्या. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली आणि वनस्पती ओळखण्यात चूक झाली असावी असे म्हटले. त्यानंतर २०२२ साली देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यातही गुळवेलीच्या सेवनानंतरची यकृताची इजा आणि अनेकांत स्वप्रतिकाराच्या खुणा नोंदल्या गेल्या. बी-पेशींतील वरील विकरांवरच गुळवेलीने परिणाम केला, असे या अभ्यासांनी दाखवलेले नाही. परंतु प्रतिकारयंत्रणेला चेतवणारी वस्तू सर्वांना सारखी मानवत नाही, आणि ज्यांचा लगाम आधीच सैल आहे त्यांनी अधिक जपायला हवे, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

कुटुंबाने यातून व्यवहारात काय घ्यावे? घरात कोणाला आमवात, ल्युपस, सोरायसिस, स्वप्रतिकारामुळे झालेला थायरॉइडचा किंवा यकृताचा आजार असेल, किंवा कोणाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले असेल, तर त्याने ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकली जाणारी कोणतीही वस्तू आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये. हे रुग्ण जी औषधे घेतात, ती बहुधा लगाम घट्ट करणारीच असतात. एका हाताने लगाम आवळायचा आणि दुसऱ्या हाताने टाच मारायची, यात घोड्याचेच हाल. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवणे आणि बरे वाटू लागले म्हणून मनानेच औषध बंद करणे, या दोन्ही गोष्टी महागात पडतात.

रक्ततपासणीत ‘एएनए’ चाचणी सकारात्मक आली म्हणून घाबरून जाण्याचेही कारण नाही. स्वतःच्या घटकांना चिकटणाऱ्या पेशी प्रत्येकात असतात, म्हणून काही निरोगी माणसांतही ही चाचणी सकारात्मक येते. सांधेदुखी, चेहऱ्यावरील चट्टे, दीर्घकाळचा ताप, लघवीतून जाणारे प्रथिन अशी लक्षणे सोबत आहेत का, हे तज्ज्ञच पाहतात. लसीविषयीही गैरसमज नसावा. लस प्रतिकारशक्ती सरसकट वाढवत नाही. ती विशिष्ट जंतू ओळखायला शिकवते, आणि हे शिक्षण सर्व लगाम जागेवर असताना होते.

दुकानदार कुटुंबांनाही एक विनंती करावीशी वाटते. गिऱ्हाईक विश्वासाने विचारते, ‘घरच्या आजारी माणसाला काय द्यावे?’ तेव्हा ‘हे सर्वांना चालते’ असे उत्तर देण्यापूर्वी ‘त्यांना कोणता आजार आहे, कोणती औषधे चालू आहेत?’ असे दोन प्रश्न विचारावेत. एखादी बाटली कमी खपेल, पण पेढीची पत वाढेल.

एसएचपी-१ आणि शिप-१ यांची नावे कोणत्याही वेष्टनावर छापली जात नाहीत. त्यांचे काम दिसत नाही, कारण ते नीट झाले की काहीच घडत नाही. सांधे सुजत नाहीत, मूत्रपिंडे बिघडत नाहीत, दिवस नेहमीसारखा मावळतो. संयमाला आपल्याकडे फार पूर्वीपासून मोठे स्थान दिले गेले आहे. तो दुबळ्याचा गुण नसून बलवानाची गरज आहे, हे बी-पेशीइतक्या सूक्ष्म ठिकाणीही खरे ठरते. यापुढे कोणी प्रतिकारशक्ती वाढवण्याचा सल्ला दिला, तर सुज्ञ वाचकाने तिचा लगाम शाबूत आहे ना, हेही विचारून घ्यावे.